आतून लावलेलं ठिगळ

बार्रेरो, १४ जुलै

मिर्ना,

आत्याचा आशीर्वाद. तू हात जोडून मागितला नाहीस, तरी देते. माझा आवाज ऐकताच तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. मी ते मनावर घेतलं नाही असं मात्र समजू नकोस.

गार पाण्यातल्या तेरेरेसाठी येर्बाची पानं पाठवते आहे, त्याच पुड्यात हे पत्र घातलं आहे. निमियाची मुलगी माद्रिदला निघाली आहे, ती तिथून तुझ्या गावी पुढे पाठवेल. पुडा मी खळीने चिकटवून त्यावर अंगठा दाबला आहे. अंगठ्याची खूण दिसली नाही तर कुणीतरी पुडा फोडला असं समज आणि मला कळव. निमिया आपली आहे, पण तिची मुलगी झुनिल्दाची मैत्रीण. आणि झुनिल्दा कोण ते तुला सांगायला नको. तुझ्या आईच्या जागेवर येऊन बसली म्हणून तर तू घर सोडलंस.

बातमी अशी की तुझ्या बापाला हृदयाचा झटका येऊन गेला. वाचला, घाबरू नकोस. दुकानात ट्रकचं चाक उतरवत होता, तिथेच खाली बसला. असुन्सिऑनच्या इस्पितळात नेलं. मांडीतून तार घालून हृदयाच्या नळीत जाळीचं नळकांडं बसवलं, त्याला स्टेंट म्हणतात. आता घरी आहे, चिडचिड करतो, चिपा मागतो. माझ्या चिपाच्या पिठात चीज आणि डुकराची चरबी असते म्हणून डॉक्टरीणबाईंनी बंद केली आहे. गावात तीस वर्षं लोक माझी चिपा खातायत, कुणी मेलं नाही. पण असो.

बाईंनी त्याला त्याच्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. म्हणाल्या, "काका, टायरला खिळा लागला की तुम्ही ठिगळ लावता ना? रक्तातही ठिगळ लावणाऱ्या बारक्या पेशी असतात. प्लेटलेट. बोट कापलं की त्या धावत येतात, भिंतीला चिकटतात, बाकीच्यांना हाका मारतात आणि भोक बुजवतात. तुमच्या नळीच्या भिंतीत कित्येक वर्षं चरबीचं किटण साचत होतं, त्यावर पातळ साल होती. ती साल फाटली. ह्यांना वाटलं जखम झाली. आल्या धावून. जखम आतल्या बाजूची आहे हे त्यांना कुठलं कळायला? ठिगळावर ठिगळ चढवत गेल्या आणि रस्ताच बंद झाला."

"म्हणजे ठिगळ बरोबर, जागा चुकली," तुझा बाप म्हणाला.

बाई हसल्या. "आता आत लोखंडी जाळी आहे. ह्यांना ती पण जखमच वाटते. जाळीवर नवी साल धरेपर्यंत ह्यांना आवरून धरायचं. म्हणून दोन औषधांची ही एक गोळी. एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

मी दाराशी उभी राहून सगळं ऐकलं. झुनिल्दा नुसती मान डोलवत होती, हे सगळं तिला आधीपासून माहीत असल्यासारखी. औषधाच्या दुकानात काम करते, माहीत असेलही. पण नवऱ्याचा जीव जाता जाता राहिला आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही, हे मला खटकलं.

आता पत्राचं खरं कारण. परवा आंघोळीनंतर तो बनियनवर अंगणात बसला होता. दंडावर निळे-जांभळे डाग. मांडीवर एक, माझ्या तळहाताएवढा.

"कुठे आपटलास?"

"कुठेच नाही, ताई."

"मग कुणी मारलं?"

त्याला हसू फुटलं. "झुनिल्दाने? तिला लोणच्याची बरणी उघडत नाही माझ्याशिवाय."

हसतोय. मला हसू आलं नाही. गोळ्यांची पाकिटं ती घरात ठेवत नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवते. सकाळी एकेक काढून देते. का? घरात कपाट नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, मिर्ना. तू लेक आहेस त्याची. एक ओळ तरी लिही.

तुझी आत्या,
सिरिला


५ ऑगस्ट

मिर्ना,

अजून तुझी ओळ आली नाही. पुडा मिळाला का तेही कळलं नाही.

मी बाईंच्या चिठ्ठीवरचं गोळीचं नाव पाठ करून काकुपेला गेले. इथल्या दुकानात ती स्वतः बसते, तिथे कसं विचारणार? काकुपेच्या औषधवाल्याला म्हटलं, "ही गोळी कशाची?" तो म्हणाला, "मावशी, ही प्लेटलेटच्या विरुद्ध."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मी तिथल्या बाकावर बसले. त्याने पाणी आणून दिलं.

बाईंनी "आवरून धरायचं" म्हटलं होतं. विरुद्ध म्हटलं नव्हतं. विरुद्ध म्हणजे काय ते मला विचार.

मार्चमध्ये तू इथे नव्हतीस. माझ्या देर्लिसला डेंगी झाला तेव्हा सगळं गाव माझ्या दारात येऊन एकच विचारायचं, "प्लेटलेट चढल्या का?" कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी गूळ घालून बीट आणलं. मी चर्चमध्ये गुडघे टेकून प्लेटलेट मागितल्या गं. आयुष्यात असलं काही मागेन असं वाटलं नव्हतं. रोज नर्स येऊन मान हलवायची. माझ्या पोराच्या हिरड्यांतून रक्त आलं, नाकातून आलं, आणि त्याच्या दंडांवर डाग उठले. निळे-जांभळे. हेच डाग, मिर्ना. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, म्हातारीचा भ्रम. पण हे डाग मी पुसून पुसून पाहिलेले आहेत.

आणि आता हे लोक त्याच प्लेटलेट मारायची गोळी माझ्या भावाला देतात. नळीतल्या किटणाला बाई प्लाका म्हणतात आणि प्लेटलेटला आपण प्लाकेता म्हणतो, म्हणजे धाकटी प्लाका. थोरली वाईट म्हणून धाकटीही वाईट? मार्चमध्ये हिच्यासाठी नवस करायचे आणि जुलैमध्ये हिच्यावर विष टाकायचं? डॉक्टरीणबाई कोवळ्या आहेत, चुकल्या असतील. पण झुनिल्दा? तिला काउंटरवर बसून इतकी वर्षं झाली. देर्लिसच्या वेळी तीच मला सांगायची, "प्लेटलेट पडल्या की धोका." तिला कळत नाही असं म्हणू मी?

मी तुझ्या बापाला, एलिहिओला, गोळी घेऊ नकोस असं म्हटलं नाही. हे लक्षात ठेव. मी एवढंच म्हटलं, "देर्लिसचे दंड तू पाहिले होतेस."

तो दंडावरचे डाग चाचपू लागला. मग म्हणाला, "ताई, डॉक्टर काय वेड्या आहेत?"

"डॉक्टर गोळी लिहून देतात. पाकिटातून काढून हातावर कोण ठेवतं?"

तुझा बाप मला आईच्या जागी मानतो हे तुला माहीत आहे. आई गेली तेव्हा मीच त्याला मोठं केलं. दुसऱ्या दिवशी झुनिल्दा गोळी देऊन आत वळली, आणि त्याने ती गालातून काढून जास्वंदीच्या कुंडीत दाबली. माझ्याकडे बघून डोळा मारला, शाळेतल्या पोरासारखा.

मला रात्री शांत झोप लागली.

आत्या


२६ ऑगस्ट

मिर्ना,

तुझं पत्र पोचलं. तीनच ओळी, पण पोचलं. अंगठ्याची खूण होती म्हणतेस, बरं झालं.

तू लिहितेस की ज्या म्हातारीची तू देखभाल करतेस तीही हीच गोळी घेते, आणि तिच्या हातांवरही असेच डाग असतात. तुला काही वाटलं नाही? तिला मुलं किती? घर कुणाच्या नावावर आहे? तिला गोळ्या कोण देतं ते नीट बघ.

पुन्हा वाचलं. तूच देतेस म्हणे. मग ठीक आहे.

पण इकडचं ऐक. गोळी बंद झाली, कुंडी भरली, आणि डाग काही जात नाहीत. उलट परवा दाढी करताना बारीक कापलं तर रक्त थांबेना, टॉवेल लाल झाला. मी विचार केला. गोळी पोटात जात नाही आणि रक्त तरी पातळच. मग पोटात दुसरं काहीतरी जातंय. मला सांग, ह्याला दुसरा काही अर्थ आहे?

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले. सकाळी चिपाची टोपली घेऊन निघताना त्यांच्या मागच्या अंगणातून जाते. स्वयंपाकघराची खिडकी तिथेच आहे. झुनिल्दा सकाळचं कोसिदो करते, साखर जाळते, त्यात येर्बा, मग पाणी, मग दूध. जळक्या साखरेच्या कडू वासात काहीही लपेल. सोमवारी पाहिलं, तिने दोन कप भरले. मग दाराकडे पाठ केली आणि लहान उखळीत काहीतरी कुटलं. बोटाने पुसून पुसून एकाच कपात टाकलं. त्याच्या.

मी खिडकीतूनच विचारलं, "काय कुटतेस गं?"

ती दचकली. "बडीशेप."

"बडीशेप चिपात घालतात. कोसिदोत कधीपासून?"

"त्याला आवडते."

"त्याला? लहानपणी चिपातली बडीशेप नखाने उकरून काढायचा तो."

तिने उखळी पाण्याखाली धरली. सगळं धुऊन टाकलं. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "सिरिलाबाई, तुमची टोपली गार होते आहे. बस सुटेल." मला ती ताई म्हणत नाही. बाजारातली गिऱ्हाइकं म्हणतात तसं बाई म्हणते. कानामागून आली आणि तिखट झाली.

आता सांग, मी वेडी आहे?

कुणाला बोलू? एलिहिओला सांगितलं तर तो तिच्या तोंडावर विचारेल आणि ती रडून मोकळी होईल. पोलिसांत जाऊ तर हातात काय आहे? त्याला त्या घरातून बाहेर काढायला हवं, एवढंच मला कळतं. माझा एक मुलगा गेला. भाऊ जाऊ देणार नाही.

आत्या


९ सप्टेंबर

मिर्ना,

काढला बाहेर.

माझी चिपाची मातीची भट्टी एका बाजूने खचली होती. मी ती आणखी थोडी खचवली, हे तुझ्या-माझ्यात. मग एलिहिओला म्हटलं, "तू नुसता खुर्चीवर बसून सांग, शेजारचा क्रिस्पीन बांधेल. भट्टी सुकेपर्यंत माझ्याकडेच राहा, रोज जा-ये कशाला? तुला चालवत तरी कुठे फार?" तो खूश झाला. देर्लिसच्या खोलीत झोपतो. त्या खोलीतून पुन्हा माणसाच्या घोरण्याचा आवाज येतो, आणि मी अंथरुणात पडून तो ऐकते. तुला मुलं झाली की कळेल.

माझ्या हातचं खातो. उकडलेला मंदिओका कंद, सार, कोंबडी. चिपा थोडीशीच. डाग पिवळे पडले, पुसट होत चाललेत. आठवडा उलटला आणि दंड स्वच्छ. दाढी करताना परत कापलं, तर रक्त लगेच धरलं. "बघ," मी म्हटलं, "प्लेटलेट परत आल्या." तो पण म्हणाला, "खरंच गं ताई." तिच्या हातचं सुटलं आणि माणूस सुधारला. आणखी काय पुरावा हवा?

शुक्रवारी ती फाटकाशी आली. मी कडी काढली नाही. तीही आत यायला बघत नव्हती. बांध फुटल्यासारखी बोलली, मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तूच न्याय कर.

"सिरिलाबाई, कुंडीत मला सगळ्या गोळ्या सापडल्या. त्याला विचारलं असतं तर तुमच्या नावाने भांडण झालं असतं, आणि तो तुमच्याच बाजूने उभा राहिला असता. मला माझी जागा ठाऊक आहे. म्हणून मी ती कुटून कोसिदोत घालत होते. नवऱ्याला फसवलं, हो, फसवलं. पण पोटात जात होती. आता कितीतरी दिवस गेलेली नाही."

"म्हणजे कबूल करतेस."

"करते. पोलिसांना बोलवा हवं तर. पण आधी त्याला ही द्या." तिने पाकीट फाटकाच्या खांबावर ठेवलं. "तुमच्या हाताने द्या, तुमचं नाव घेऊन द्या, माझं नाव पण घेऊ नका. भांडण आपण नंतर करू. डोळे फोडा माझे. पण गोळी द्या."

"माझ्या पोराला ह्याच डागांनी नेलं."

ती म्हणाली, "मी होते तिथे, सिरिलाबाई. रक्त द्यायला रांगेत मीपण उभी होते."

ते खरं आहे. उभी होती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिच्या तोंडून देर्लिसचं नाव निघू नये म्हणून मी पाठ फिरवली. ती गेल्यावर खांबावरचं पाकीट उचललं.

ऐकलंस ना? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की जेवणात कालवत होती. आता ती म्हणते हृदयाची गोळी. मी म्हणते, पाकिटावर नाव एक आणि आत भलतंच असू शकतं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला ते काय अवघड? म्हणून त्यातल्या दोन गोळ्या ह्या पत्रासोबत पाठवते आहे, कागदात गुंडाळून, येर्बाच्या तळाशी. तिथल्या चांगल्या औषधवाल्याला दाखव. तो तिला ओळखत नाही, त्याचं मी ऐकेन. खऱ्या निघाल्या तर त्याच दिवशी एलिहिओला देईन, हा माझा शब्द.

तोवर नाही. पाकीट माझ्या उशीखाली आहे.

आत्या


असुन्सिऑन, २३ सप्टेंबर

मिर्ना,

तो जिवंत आहे. आधी हे वाच.

भट्टी सुकली होती. पहिला जाळ घातला आणि तो मला म्हणाला, "ताई, पहिली चिपा मला." मी वाकून केळीच्या पानावर चिपा मांडत होते. मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. तोंड राखेसारखं झालं होतं, हात छातीवर. क्रिस्पीनने गाडी काढली. झुनिल्दाला कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण हमरस्त्याला लागायच्या आत ती गाडीच्या हौद्यात चढली होती. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि सबंध रस्ता त्याला शिव्या देत होती. "झोपू नकोस, गाढवा. डोळे मिटलेस तर बघ." मी कोपऱ्यात बसले होते. मला प्रार्थनासुद्धा आठवेना.

त्याच बाई होत्या. पुन्हा तार घातली. जाळीच्या आत गाठ धरली होती, ती ओढून काढली. नळी उघडली, पण हृदयाचा एक तुकडा मेला म्हणतात. किती ते पुढे कळेल. यंत्राच्या पडद्यावर मला दाखवलं, काळी नदी वाहता वाहता मधेच तुटलेली.

मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

झुनिल्दा म्हणाली, "ह्यांना विचारा."

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, सगळं सांगेल. तिने फक्त तेवढंच म्हटलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझ्या घरी आला तेव्हापासून," मी म्हटलं.

"का, मावशी?"

"डाग पडत होते."

बाई माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "डाग पडत होते म्हणजे गोळी काम करत होती."

मी देर्लिसचं सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मावशी, डेंगीत प्लेटलेट उरतच नाहीत. काकांच्या भरपूर आहेत, पहिल्यापासून भरपूर होत्या. गोळीने फक्त त्यांचे हात बांधले होते. हात बांधलेले असले की कुठे साधं खरचटलं तरी डाग पडतो, तेवढं सोसायचं. गोळी थांबली, हात सुटले. त्यांनी जाळीला जखम समजून जे करायचं तेच केलं."

त्या ओरडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

ज्या दिवशी दाढीचं रक्त लगेच थांबलं त्या दिवशी मी मेणबत्ती लावली होती, मिर्ना. देवाचे आभार मानले होते. त्याच दिवशी आतमध्ये...

पुढे लिहवत नाही.


बार्रेरो, १८ ऑक्टोबर

मिर्ना,

तुझं पत्र आलं. गोळ्या खऱ्या निघाल्या, त्याच नावाच्या, हृदयाच्याच. मला तुझ्या पत्राआधीच माहीत होतं. तरी मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्याकडे पाठवलेल्या त्या दोन गोळ्या तुझ्या बापाच्या दोन सकाळी होत्या. त्या दोन गोळ्यांनी हा झटका टळला असता की नाही ते बाईंनाही सांगता येत नाही, मी विचारलं.

माझी आधीची पत्रं तू ठेवली असशील तर ठेव. फाडू नकोस. झुनिल्दाबद्दल मी त्यात जे लिहिलं ते खोटं होतं, आणि मला ते खोटं वाटत नव्हतं. दोन्ही खरं आहे. तुझ्या मनात तिच्याबद्दल आधीच राग होता, त्यात मी तेल ओतलं. मला साथीदार हवा होता.

तू तिला फोन केलास हे एलिहिओने सांगितलं. काय बोललात ते मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, पण तोंडावर हात ठेवला.

तो घरी आला आहे. चार पावलं चालला की धापा टाकतो. दुकान क्रिस्पीन बघतो. ट्रकचं चाक आता कधीच उतरवायचं नाही म्हणाल्या. बाहेर हॉर्न वाजला की तो अजून खुर्चीतून अर्धा उठतो आणि मग बसतो. ते बघायला मला तिथे राहवत नाही आणि निघूनही येववत नाही.

पहिल्या रविवारी त्याच्या पायाशी बसून मी म्हटलं, "मी तुला मारत होते."

तो म्हणाला, "बाई काय म्हणाल्या होत्या, ताई? कुठे लागलं असं वाटलं की त्या धावत सुटतात. मनाने चांगल्या. चिकटतात, दुसऱ्यांना हाका मारतात, स्पेनपर्यंत हाका मारतात." मग हसला, खोकला. "तू माझी प्लेटलेट आहेस. फक्त भरपूर आहेस."

झुनिल्दा दारात होती. तिला हसू आलं नाही. तिने हसावं असं मला वाटलंही नाही.

पण घोळ अजून होताच. घरी आल्यावर त्याने गोळी घ्यायला नकार दिला. डाग परत दिसले आणि तो घाबरला. बाईंचं सगळं त्याला पटलं होतं, पण देर्लिसचे दंड त्याच्या डोळ्यांसमोर मीच ठेवले होते, ते काही जाईनात. झुनिल्दाने तळहात पुढे केला की तो तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. मी फाटक उघडलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुमच्या हातची घेईल तो," ती म्हणाली. "उद्यापासून तुम्ही द्यायची."

"माझ्यावर भरवसा आहे तुझा?"

"नाही," ती म्हणाली. "पण दुसरा हात नाही."

आता रोज सकाळी चिपाची टोपली दाराशी ठेवते आणि आत जाते. ती पर्समधून पाकीट काढते, गोळी माझ्या हातावर ठेवते आणि समोर उभी राहते. मी त्याला म्हणते, "एलिहिओ, घे. ही मी देते आहे." तो माझ्याकडे बघतो आणि गिळतो. मग ती त्याला तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. मग माझ्याकडे वळते. माझी मूठ उघडून बघते, बोटांच्या बेचक्या बघते, एप्रनचा खिसा चाचपते. मी तिच्याकडे जशी बघायचे तशीच ती माझ्याकडे बघते. पहिल्या दिवशी मला इतकी शरम वाटली की टोपली तिथेच विसरले.

त्याच्या दंडांवर पुन्हा निळे डाग आहेत. मी रोज त्यांच्यावरून हात फिरवते. अजून देर्लिस डोळ्यांसमोर येतो. मग स्वतःला सांगते, असू देत. हे असायलाच हवेत.

आज सकाळी त्याने गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं. मी सवयीने मूठ पुढे केली. झुनिल्दा कोसिदोचे कप उचलत होती. म्हणाली, "राहू दे, ताई."

मी मूठ मागे घेतली नाही. "नको. बघ," मी म्हटलं. "तू रोज बघ." तिने कप खाली ठेवले आणि माझी बोटं एकेक करून उघडली.

आत्या